बटण कसा आहे?

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, सकाळी दहा-साडेदहाच्या सुमाराला, माझ्या मुलीचा मला मेसेज येतो. त्यात तीनच शब्द असतात. ‘बटण कसा आहे?’ मी दोन शब्दांत उत्तर देते, ‘बरा आहे.’ झालं, पुढच्या महिन्यापर्यंत आमचं बोलणं संपलं. गेली दोन वर्षं आमचं मायलेकींचं नातं या पाच शब्दांवर चाललंय, आणि त्यातला एकही शब्द माझ्याबद्दल नाही.

बटण म्हणजे आमचा कुत्रा. मी उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या कारखान्यात मशीनवर बसते, खिसे लावते. नऊ वर्षांपूर्वी कारखान्यामागच्या चिंध्यांच्या ढिगात माझ्या स्वप्नालीला हे तांबडं पिल्लू सापडलं. तोंडात जीन्सचं पितळी बटण धरून बसलं होतं आणि सोडायला तयार नव्हतं. मी म्हटलं, हे घरात आणलंस तर तुम्हा दोघांनाही बाहेर काढीन. स्वप्नालीने आणलं, मी काही काढलं नाही. माझं तोंड असं आहे, आधी बोलतं आणि मग आम्ही दोघं बसून पस्तावतो.

स्वप्नाली बदलापूर गावात भाड्याच्या खोलीत राहते आणि तिथल्याच एका शाळेत ऑफिसमध्ये काम करते. आम्ही उल्हासनगरला, कॅम्प चारच्या बराकीत. मध्ये फक्त अंबरनाथ. परदेशात असती तर मनाला सांगितलं असतं, लांब आहे बिचारी, येणार कशी. दोन स्टेशनांवर राहणारी मुलगी दोन वर्षं येत नाही, याला काय सांगायचं? मी तीनदा बदलापूरला मासळीबाजारात जाऊन आले. आमच्या नाक्यावर मासळी मिळत नाही असं नाही. पण ती रविवारी बाजारात येत असेल, समोरून येईल, मग दोघींपैकी कुणीतरी थांबेल, असं वाटायचं. तिन्ही वेळा नुसते बोंबील घेऊन परत आले.

तिचा घरमालक कुत्रं ठेवू देत नाही, म्हणून बटण माझ्याकडे राहिला. खरं म्हणजे तो माझा कधीच नव्हता. आधी स्वप्नालीचा, मग महेंद्रचा, म्हणजे माझ्या नवऱ्याचा. महेंद्र अंबरनाथच्या कारखान्यातून सुटून आला की बटण त्याच्या चपलेवर डोकं ठेवून झोपायचा. महेंद्र गेला, त्यानंतरही तो त्या चपलेपाशीच झोपतो. मी ती चप्पल टाकलेली नाही. कुत्र्यासाठी ठेवली आहे, असं सगळ्यांना सांगते.

यंदा जानेवारीत बटणच्या मागच्या उजव्या मांडीवर गाठ दिसली. हरभऱ्याएवढी, केस गेलेली, गुलाबी. मी हळद-चुना लावला. गाठ लाल होऊन फुगायची, दोन दिवसांनी बसायची. बसली की मला वाटायचं, गुण आला. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी मी लिहिलं, ‘बरा आहे.’ मार्चमध्येही तेच लिहिलं. तोवर गाठ बोराएवढी झाली होती आणि बटण रात्रंदिवस ती चाटत होता.

मार्च संपता संपता त्याला अंबरनाथला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. चार रिक्षावाल्यांनी ‘कुत्ता नहीं बिठाएगा’ म्हणून हात हलवला. पाचव्याला मी म्हटलं, “मेरे से तो साफ है, मेरे को बिठाते हो ना?” तो हसला आणि त्याने बसवलं.

डॉक्टर विक्रांत तरुण आहेत, बोलणं शांत. त्यांनी गाठ बघितली, बोटाने हलकेच दाबली, मग बटणच्या गुडघ्याच्या मागे बराच वेळ चाचपत राहिले.

“काकी, यावर काही लावता का?”

“हळद-चुना.”

“आता लावू नका. चोळलं की आतलं रसायन बाहेर पडतं, म्हणून ती लाल होते. ही कातडीची गाठ मला साधी वाटत नाही. सुईने थोडं पाणी काढून बघायला लागेल. आणि इथलंही.” त्यांनी माझं बोट धरून बटणच्या गुडघ्यामागे टेकवलं. “इथे वाटाण्याएवढं लागतंय ना? ही आजाराची गाठ नाही, प्रत्येकाच्या अंगात असते. लिम्फ नोड म्हणतात. मांडीवरून आजार पुढे निघाला, तर बहुतेक वेळा पहिल्यांदा या नाक्यावर अडतो. तिथे पोचलाय की नाही, ते कळल्याशिवाय पुढचं ठरवता येणार नाही.”

“पण ही तर लहान आहे. सुजलेली नाही.”

“हाताला मोठी लागत नाही म्हणून बरी आहे असं नसतं. सुई लावल्याशिवाय कळत नाही.”

मी पट्टा ओढला. “मी विचारून सांगते,” म्हटलं आणि बाहेर पडले. कुणाला विचारणार होते, ते मलाही माहीत नव्हतं.

खरं तर सुई हे माझं रोजचं काम. एकदा मशीनची सुई बोटातून आरपार गेली होती, तरी दुसऱ्या दिवशी मी खिसे लावायला हजर होते. पण गाठीला सुई लावायची नाही, गाठीला लोखंड लागलं की ती अंगभर पसरते, हे मी लहानपणापासून ऐकत आले. आमच्या शेजारच्या बनूबाईंच्या दिराला सुई लावली आणि तो महिन्यात गेला. आमच्या आत्याचंही तसंच झालं. त्यांची गाठ सुई लावायच्या आधीच किती पुढे गेली होती, हे कधी कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

बनूबाई म्हणाल्या, “मुकं जनावर ते. खातंय, पितंय, राहू दे की. कशाला काट्याचा नायटा करून घेतेस?”

मलाही हेच ऐकायचं होतं.

एप्रिलचा पहिला रविवार आला. बरोबर साडेदहाला फोन वाजला. ‘बटण कसा आहे?’ मी ‘बरा आहे’ लिहिलं, पण पाठवायच्या आधी बोट सरकलं आणि जुने मेसेज वर वर जात राहिले. बरा आहे, बरा आहे, बरा आहे. आणखी वर गेले. मग दोन वर्षांपूर्वीचे आले. तेव्हा स्वप्नाली पुण्याला नोकरीला होती आणि रोज लिहायची. ‘बाबा कसे आहेत?’ खाली माझं उत्तर, ‘बरे आहेत.’ ‘मानेची गाठ दाखवली का?’ ‘औषध चालू आहे. बरे आहेत.’

मी फोन उलटा ठेवला. बटण चपलेपाशी बसून मांडी चाटत होता.

आता जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, ते सांगते. महेंद्रच्या मानेला गाठ आली तेव्हा सरकारी दवाखान्यात म्हणाले, सुई लावून तपासू. मी त्याला तिथून उठवून आणलं. आमच्या घरात गंडा-दोरा, अंगारा-धुपारा काही चालत नाही. माझ्या सासऱ्यांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली होती, बावीस प्रतिज्ञा मला तोंडपाठ आहेत. पण मी मनाला सांगितलं, झाडपाला म्हणजे काही बुवाबाजी नाही. आणि महेंद्रला घेऊन बारवी धरणाच्या बाजूच्या वाडीत गेले. तिथे गोमा नावाचे म्हातारे आहेत, रानातली औषधं देतात. त्यांनी महेंद्रच्या मानेला हात लावला, डोळे मिटून बसले. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, “बाय, ह्या माजा काम नाय. याला मोठ्या दवाखान्यान ने. उशीर नको करू.”

मी हटून बसले. काहीतरी द्याच म्हटलं. मला कटवण्यासाठी त्यांनी सुजेवरचा लेप दिला आणि एक पैसाही घेतला नाही. घरी येऊन मी महेंद्रला सांगितलं, गोमाबाबा म्हणतात, विरघळेल. स्वप्नालीलाही तेच सांगितलं. पाच महिन्यांनी महेंद्र गेला.

महेंद्रच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी, सगळे नातेवाईक बसलेले असताना, स्वप्नाली उभी राहिली आणि म्हणाली, “माझ्या आईने बाबांना साधी सुई लावू दिली नाही.” मी गप्प बसले असते तर बरं झालं असतं. पण माझं तोंड. मी म्हटलं, “तेव्हा तू कुठे होतीस?” बरे आहेत, बरे आहेत म्हणून मीच तिला लांब ठेवलं होतं आणि वर तिलाच हे विचारलं. तिने माझ्याकडे जे बघितलं, ते अजून जात नाही. तिथून ती वाडीत गेली आणि गोमाबाबांना नको नको ते बोलली. तुम्ही माझ्या बापाला मारलं, म्हणाली. म्हाताऱ्याने ऐकून घेतलं. ‘मी तुझ्या आईला मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं,’ असं तो म्हणू शकला असता. एका शब्दाने बोलला नाही. त्यानंतर ती पुण्याहून बदलापूरला आली, पण घरी आली नाही.

त्या रविवारी मी ‘बरा आहे’ खोडलं आणि लिहिलं, ‘चार-पाच दिवसांत सांगते.’ दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर नाही. दिवसभरात मी किती वेळा फोन उघडला, ते मोजलं नाही. ती ‘ऑनलाइन’ दिसायची आणि मी श्वास धरायचे, जणू श्वास घेतला तर निघून जाईल.

सोमवारी कारखान्यात खाडा करून मी बटणला घेऊन गेले.

“धरायला बरोबर कुणी आहे का?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी आहे.”

“डोक्याकडे ओळखीचं माणूस हवं. मागून आमचा माणूस धरेल.”

आधी त्यांनी एक इंजेक्शन दिलं, सुई लागल्यावर गाठ उठू नये म्हणून. दरवर्षी लस टोचताना स्वप्नाली आपल्या ओढणीने बटणचे डोळे झाकायची आणि त्याच्या कानात काहीबाही पुटपुटायची. तो गपगार पडून राहायचा. मी माझी ओढणी टाकली. त्याने मान झटकून ती काढली, परत टाकली, परत काढली. त्याला वास चुकीचा येत होता. मी नुसतंच त्याचं डोकं छातीशी धरलं. सुई गाठीत गेली, दोन-तीनदा आत-बाहेर झाली. मग गुडघ्यामागच्या त्या वाटाण्यात गेली. मी डोळे मिटणार होते, पण नाही मिटले. सगळं मिळून महेंद्रच्या एका चहाएवढा वेळ लागला. डॉक्टरांनी सुईतला थेंब काचेवर फुंकून पसरवला, तीन-चार काचा केल्या. बटण खाली उतरला, अंग झाडलं आणि दारातल्या मांजरावर भुंकला.

एवढंच होतं ते. मी बाकावर बसले आणि मला इतकं रडू आलं की तिथला माणूस पाणी घेऊन आला. त्याला वाटलं, कुत्र्यासाठी.

काचा मुंबईच्या लॅबला गेल्या. पोटाची सोनोग्राफीही करून घेतली. शुक्रवारपर्यंत थांबायचं होतं. त्या चार दिवसांतली एक गोष्ट सांगायला लाज वाटते. एका मनाला वाटत होतं, रिपोर्ट चांगला येऊ दे. दुसऱ्या मनाला वाटत होतं, वाईट येऊ दे. वाईट आला तर ती येईल. बटणसाठी तरी येईल, दारात चप्पल काढेल, मी पाणी देईन. चांगला आला तर पुन्हा पहिला रविवार आणि पाच शब्द. मी देव मानत नाही हे बरं, नाहीतर काय मागून बसले असते कुणास ठाऊक.

शुक्रवारी डॉक्टरांनी कागद समोर ठेवला. “गाठ कॅन्सरची आहे. आणि त्या लिम्फ नोडमध्येही त्याच पेशी सापडल्यात.”

“म्हणजे पसरलं?”

“नाक्यापर्यंत आलंय. सोनोग्राफीत पुढे कुठे दिसत नाही. हाताने काहीच कळलं नसतं, सुईने कळलं. मांडीची गाठ आणि तो नोड, दोन्ही एकदम काढू. गॅरंटी मी देत नाही, नंतर औषध लागेल. पण बऱ्याच कुत्र्यांना पुढे चांगला वेळ मिळतो. वेळेवर आणलंत, काकी.”

वेळेवर. तीन महिने हळद-चुना फासून झाल्यावरही त्या माणसाला मी वेळेवर वाटले. माझ्या मनात मात्र सरकारी दवाखान्यातला तो बाक होता आणि त्यावर बसलेला महेंद्र. मी ‘ऊठ’ म्हटलं आणि तो उठला होता. त्याने कधीच माझा शब्द मोडला नाही.

घरी येऊन मी मेसेज लिहायला घेतला. चार वेळा लिहिला, चार वेळा खोडला. शेवटी ते माईकचं चित्र दाबून बोलायला लागले. “स्वप्नाली, बटण बरा नाही. जानेवारीपासून बरा नाही. मी दोनदा खोटं लिहिलं.” गाठ सांगितली, सुई सांगितली, तो नोड सांगितला. बुधवारी दहा वाजता अंबरनाथला ऑपरेशन आहे, हे सांगितलं. मग थांबले. बटण माझ्याकडे बघत होता. “आणि अजून एक. गोमाबाबांनी बाबांना बघितल्या बघितल्या मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही. तू त्यांना बोललीस ते सगळं माझं होतं. तू बरोबर होतीस.” बोट उचललं आणि मेसेज गेला. यावेळी खोडायची सोय नव्हती. म्हणजे असते म्हणतात, मला येत नाही.

निळ्या खुणा रात्री आल्या. शनिवार गेला. रविवार, सोमवार, मंगळवार गेला. आता पहिल्या रविवारचाही मेसेज येणार नाही, हे मी धरून चालले. पाच शब्द होते, तेही मीच घालवले. तरी मंगळवारी संध्याकाळी मी कोळंबी आणून साफ करून ठेवली. स्वप्नालीला आवडते. कुत्र्याला उपाशी ठेवायचं होतं आणि मला एकटीला पाव किलो कोळंबी काय करायची होती?

बुधवारी दहाला पाच मिनिटं असताना बटणला टेबलावर घेतलं. तो थरथरत होता. बेशुद्ध करण्याआधी पुढच्या पायात सुई लावायची होती.

“काकी, डोक्याकडे या,” डॉक्टर म्हणाले. “आजही बरोबर कुणी नाही का?”

मी ‘नाही’ म्हणणार होते. तेवढ्यात बटणची शेपटी हलली. आधी हळू, मग टेबलावर धपधप आपटायला लागली. मी वळून बघितलं नाही. बघितलं आणि दुसरंच कुणी असलं तर, म्हणून नाही बघितलं.

एक हिरवी ओढणी माझ्या खांद्यावरून पुढे आली आणि बटणच्या डोळ्यांवर पडली. त्याने मान झटकली नाही. स्वप्नाली वाकून त्याच्या कानात पुटपुटली आणि थरथर थांबली. ती बारीक झाली होती. केस कापले होते. कपाळावर महेंद्रच्या आठ्या होत्या. माझ्याकडे न बघता ती डॉक्टरांना म्हणाली, “लावा सुई.”

बटणला आत नेलं आणि आम्ही बाहेर बाकावर बसलो. मध्ये तिची पर्स. भिंतीवरचं घड्याळ सात मिनिटं पुढे होतं, ते मी चार वेळा हिशेब करून बघितलं.

“मी काय काय बोलले त्यांना,” ती म्हणाली. “गोमाबाबांना. आणि ते ऐकत राहिले.”

“हो.”

“का नाही नेलंस बाबांना? त्यांनीसुद्धा सांगितलं होतं, तरी का नाही नेलंस?”

दोन वर्षं या प्रश्नाची माझ्याकडे पन्नास उत्तरं होती. बनूबाईंचा दीर होता, आत्या होती. तिथे बसून एकही कामाला आलं नाही.

“भीती वाटली,” मी म्हटलं. “पसरेल याची नाही. कळेल याची. कळेपर्यंत तो आपल्याकडे आहे, असं वाटायचं.”

तिने ओढणीने नाक पुसलं. ओढणीला बटणचे केस लागले होते, ते तिच्या गालाला चिकटले. मला ते काढावेसे वाटले, पण हात उचलला नाही. आपला हक्क किती उरलाय, ते मला माहीत नव्हतं.

बारा वाजता डॉक्टर बाहेर आले. बटणने सगळं नीट सोसलं होतं. गाठ निघाली, नोडही निघाला. “दोन्ही लॅबला पाठवतोय. कडेपर्यंत सगळं निघालंय का, ते त्यात कळेल. दहा-बारा दिवस लागतील. रिपोर्ट आला की फोन करू. नंबर कुणाचा लिहू?”

मी तोंड उघडलं आणि, आयुष्यात पहिल्यांदा असेल, काही न बोलता मिटलं. स्वप्नालीने त्यांच्या हातातलं पेन घेतलं. आपला नंबर लिहिला. त्याच्याखाली माझा लिहिला, पाठ होता तिला.

“मग रिपोर्ट घ्यायला कोण येईल?” डॉक्टरांनी विचारलं.

“दोघी येऊ,” ती म्हणाली. मग मधली पर्स उचलून तिने मांडीवर घेतली आणि माझ्याकडे बघितलं. “सकाळपासून काही खाल्लंस का, आई?”